पाटे वाढवूनही बसणारी गाडी : निफाडकडच्या एका पिकअपचा हौदा आणि कमानी

टोमॅटोच्या दिवसांत पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीबाहेर पिकअपची रांग लागते, तेव्हा बऱ्याच गाड्यांची शेपटी खाली आणि नाक वर असतं. चालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : पाटे कमी पडतात. मग गावातल्या गॅरेजात मागच्या चाकांच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, आणखी एक पाटा चढतो. वर्षभराने दुसरा. गाडी बसतेच.

या प्रकरणातली गाडी त्याच रांगेतली. निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सेकंडहँड घेतलेली, साडेतीन टनांच्या आतल्या वर्गातली पिकअप. खरिपात स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा टोमॅटो, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं, एरवी खत, सिमेंट, बागेचे लोखंडी अँगल. आधीच्या मालकाने कंपनीचा हौदा (मागची माल भरायची जागा) काढून बाहेरून जाड पत्र्याचा, उंच जाळीचा हौदा बसवून घेतला होता आणि मागच्या कमानींत प्रत्येकी दोन जादा पाटे घातले होते. नव्या मालकाचं म्हणणं सरळ होतं. हौद्याचा तळ सडलाय, तो चुलतभावाच्या वेल्डिंगच्या शेडात घरच्या घरी नवा करायचा आणि त्याच झटक्यात तिसरा पाटा टाकायचा. हिशेबाचं काम माझ्याकडे आलं. वेल्डिंगचं काम अण्णा मिस्त्रींकडे, ज्यांनी आयुष्यभर ट्रॉल्या बांधल्या आहेत.

"सर, तिसरा पाटा किती जाडीचा टाकू तेवढं सांगा, बाकी अण्णा बघतील," मालक म्हणाला.

गाडी मागून बसते याची कारणं चार असू शकतात. पाटे थकलेत, माल जास्त आहे, माल चुकीच्या जागी आहे, किंवा हौदाच भारी आहे. गॅरेजवाला पहिलं कारण धरून चालतो, कारण त्याच्या दुकानात त्याच कारणाचं औषध असतं. उरलेली तीन शोधायला पाना लागत नाही, वजनकाटा लागतो.

काट्यावरच्या चिठ्ठ्या

वजनकाट्यावर गाडी एकदाच चढवून उतरवली तर फक्त एकूण वजन कळतं. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग पूर्ण गाडी, मग नुसती मागची. तीन चिठ्ठ्या मिळतात आणि पुढच्या-मागच्या बेरजेवरून काट्याचीही परीक्षा होते. टाकी भरलेली, गाडीत माणूस नाही. पुढचे सगळे आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केलेले आहेत.

नोंदणीपत्रात रिकामं वजन १,७९० किलो आणि एकूण वजनाची मर्यादा ३,४९० किलो. म्हणजे कागदावर १,७०० किलोंची गाडी. काट्यावर रिकामी गाडी भरली २,१२० किलो. पुढच्या आसावर (अ‍ॅक्सलवर) १,०७०, मागच्या आसावर १,०५०. एकही क्रेट न टाकता ३३० किलो आधीच चढलेले. कायद्याने उरले १,३७०, त्यातून चालक आणि एक हमाल यांचे १४० वजा केले की १,२३०. मालक टाकत होता ७२ क्रेट. २० किलो टोमॅटो आणि दोन किलोंचं क्रेट धरून १,५८४ किलो. म्हणजे १,७०० च्या गाडीत १,६०० सुद्धा टाकत नाही, असं तो मनापासून समजत होता, आणि प्रत्यक्षात गाडी साडेतीनशे किलोंनी जास्त होती.

भरलेल्या गाडीच्या चिठ्ठ्या जास्त बोलक्या होत्या. मागचा आस २,७६०, पुढचा ९४५. माल चढल्यावर पुढचा आस सव्वाशे किलोंनी हलका झाला होता. मालकाला हे वेगळ्या रूपात माहीत होतं, किंबहुना आवडत होतं : "भरली की स्टेअरिंग कसं मऊ होतं!" त्याचे वडील ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी बैलगाडी हाकलेली. ते एवढंच म्हणाले, "उलाळ आहे गाडी."

उलाळ म्हणजे मागे भार जास्त होऊन पुढून उचलणारी. तसंच होतं. कोणत्याही मालाचा मागच्या आसावरचा वाटा काढायचा तर मालाच्या मध्यापासून पुढच्या आसापर्यंतचं अंतर घ्यायचं, त्याला दोन आसांमधल्या अंतराने भागायचं आणि मालाच्या वजनाने गुणायचं. इथे दोन आसांमधलं अंतर ३,२०० मिमी. जुना हौदा मूळ हौद्यापेक्षा ४०० मिमी लांब, तीन मीटरचा, आणि केबिनच्या मागे अवजारपेटी व दुसरी स्टेपनी बसवण्यासाठी मागे सरकवलेला. त्याचा मध्य मागच्या आसाच्याही २५० मिमी मागे पडत होता. म्हणून १,५८४ किलोंच्या मालाचे मागच्या आसावर ३,४५० भागिले ३,२०० या प्रमाणात जवळपास १,७१० किलो येत होते. जादाचे सव्वाशे पुढच्या चाकांवरून उचलले जात होते. हौद्याची शेपटी आसामागे १,७५० मिमी होती. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आसामागचा लोंबता भाग दोन आसांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे इथे १,९२० मिमी. नियमात बसणारी मापंही गाडी उलाळ करू शकतात, हे इथे दिसतं.

टायरकडे कोणी पाहिलं नव्हतं. टायरच्या कडेवर मापानंतर जो आकडा असतो, तो भार-निर्देशांक. या गाडीच्या टायरवर ११४ होता. त्याचा अर्थ, पूर्ण हवेवर एका टायरला १,१८० किलो. भरलेल्या गाडीत मागच्या प्रत्येक टायरवर सुमारे १,४०० येत होते. तिसरा पाटा टाकला असता तरी या आकड्यात ग्रॅमचाही फरक पडला नसता. आस, बेअरिंग, ब्रेक आणि टायर यांना कमानीत पाटे किती हे कळत नाही, त्यांना फक्त वजन कळतं. मालकाला पटलं ते या वाक्याने नव्हे, टायरच्या कडेवरच्या आकड्याने. मागच्या वर्षी महामार्गावर त्याचं मागचं टायर फुटलं होतं आणि त्याने दोष रस्त्याला दिला होता.

हौदा : तीनशे किलो कुठून काढले

जुना हौदा उतरवल्यावर तुकड्या-तुकड्यांचं वजन काढलं. लोखंडाचं काढणं सोपं असतं. एक चौरस मीटर, एक मिमी जाड पत्रा म्हणजे ७.८५ किलो. तीन मीटर बाय १.७ मीटरचा पाच मिमीचा चेकर पत्रा एकटाच दोनशे किलो. खाली १०० मिमीच्या चॅनलचे आठ आडवे तुकडे, मीटरला साडेनऊ किलोंच्या वर, म्हणून १३० किलो. वर चार फुटी बंद पत्र्याच्या बाजू आणि अँगलचा सांगाडा, सव्वादोनशेच्या आसपास. टोमॅटोच्या क्रेटला चार फुटी पोलादी भिंत कशासाठी हवी होती, हे शेवटपर्यंत कोणाला सांगता आलं नाही.

नव्या हौद्याचं माप क्रेटवरून ठरवलं, उलट नाही. क्रेट साधारण ५४० बाय ३६० मिमी. १.७ मीटर रुंदीत तीन आडवी बसतात, २.६ मीटर लांबीत सात ओळी. एका थरात २१, तीन थरांत ६३. हीच लांबी मूळ कंपनीच्या हौद्याचीही होती, त्यामुळे कागदोपत्री अडचणही कमी झाली. अवजारपेटी आणि दुसरी स्टेपनी कायमची काढली. हौदा पुढे सरकवला. केबिन आणि हौदा यांच्यात तीन बोटांचीच फट ठेवली, कारण खड्ड्यात चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळते तेव्हा दोघं एकमेकांवर आदळता कामा नयेत. आता हौद्याचा मध्य मागच्या आसाच्या १५० मिमी पुढे आला.

पत्रा किती जाडीचा, यावर शेडात दोन संध्याकाळ वाद झाला. अण्णांना तीन मिमी म्हणजे कपाटाचा पत्रा वाटत होता. "उद्या अँगलचा गठ्ठा टाकला की पोचे पडतील, मग माझं नाव घ्याल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तळाची ताकद पत्र्यात कमी आणि खालच्या आडव्यांत जास्त असते, एवढा माझा मुद्दा होता. आडवे ८० बाय ४० बाय ३ मिमीच्या चौकोनी पाइपचे, सात, म्हणजे दोघांमध्ये ४३० मिमीच्या आसपास अंतर. हा पाइप मीटरला साडेपाच किलोंच्या आत येतो. तोडगा असा निघाला की तळ तीन मिमीचाच राहील आणि लोखंड किंवा दगड न्यायचा असेल त्या दिवशी अठरा मिमीचे दोन सुटे प्लायवूड टाकायचे. टोमॅटोच्या दिवसांत ते घरी राहतात.

लोखंड किलोवर मिळतं. हलका हौदा म्हणजे स्वस्त हौदा, हा फायदा मालकाला माझ्या सगळ्या सूत्रांपेक्षा लवकर समजला.

बाजूंना ४०० मिमी उंचीचे तीन फाळके, तिन्ही खाली पडणारे. पुढे केबिनच्या मागे पाइपची उंच जाळी, कारण जोरात ब्रेक लागला तर माल काचेवर येऊ नये. वरच्या थरांसाठी भिंत नाही, पट्टा. रॅचेटचे पट्टे अडकवायला हौद्याच्या कडेखाली गोल गजाच्या कड्या, थेट आडव्यांच्या टोकांना वेल्ड केलेल्या. फाळक्याला कडी लावणं हा नेहमीचा आळस. पट्टा ताणला की फाळका वाकतो आणि पट्टा सैल पडतो.

सगळं बसवून गाडी पुन्हा काट्यावर गेली, तेव्हा रिकामं वजन १,८२० किलो भरलं. पुढे १,०९०, मागे ७३०. तीनशे किलो गेले ते सगळे मागच्या आसावरूनच, उलट पुढच्या आसावर वीस किलो वाढले.

चासीला हात लावायचा नाही

घरगुती हौद्यांत सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. पिकअपची चासी म्हणजे दोन लांब चॅनल. गाडी वाकते तेव्हा त्यांच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे आडवी वेल्डिंग मारली किंवा भोक पाडलं, की तडा तिथूनच सुरू होतो. आज नाही, दोन-तीन हंगामांनी. जुना हौदा तसाच वेल्ड केलेला होता. डाव्या चॅनलच्या वरच्या पट्टीवर वेल्डच्या टोकाला केसाएवढी रेघ सापडली. ती घासून, रंगद्रव्य लावून तपासली. वरवरची निघाली म्हणून घासून साफ करण्यावर भागलं. खोल असती तर चासीचं काम अधिकृत ठिकाणी न्यावं लागलं असतं.

नवा हौदा चासीवर नुसता टेकतो आणि बोल्टांनी धरला जातो. चासीच्या उभ्या अंगावर कंपनीची जी भोकं आधीपासून असतात, त्यांतच पट्ट्या बोल्टने बसवल्या. ८.८ प्रतीचे बोल्ट, न सुटणाऱ्या नटांसह. जिथे भोक नव्हतं तिथे यू-बोल्ट. पण यू-बोल्ट आवळला की चॅनलचं तोंड मिटतं, म्हणून आत पोलादी तुकडा उभा घातला. हौद्याच्या दोन लांबणी (तळाखालचे लांबीच्या दिशेचे आधार) आणि चासी यांच्यात रबराची पट्टी. लांबणीची पुढची टोकं चौकोनी न ठेवता तिरकी कापली, नाहीतर सगळा भार चासीच्या एका रेषेवर येतो आणि चासी तिथेच वाकायला लागते. सगळ्यांत पुढच्या दोन बोल्टांना स्प्रिंग दिली, म्हणजे वाकड्या रस्त्यावर चासी पिळली तरी हौदा तिला अडवत नाही.

वेल्डिंगचं थोडक्यात. चौकट आधी टाके मारून गुण्यात आणली. २,६०० आणि १,७०० च्या चौकटीचे दोन्ही कर्ण ३,१०६ मिमी आले पाहिजेत. दोनतीन मिमीचा फरक चालतो, दहाचा नाही, कारण मग फाळके लागत नाहीत. तळाच्या पत्र्याला सलग वेल्ड मारला नाही. मध्यापासून बाहेर, दीड-दीडशे मिमीवर छोटे टाके, अडीच मिमीच्या काडीने. सलग मारला तर तीन मिमीचा पत्रा पापडासारखा उचलतो. हे सगळं काम हौदा गाडीवरून खाली असताना झालं. गाडीवर चढवल्यावर दोनच टाके मारायचे होते, तरी अण्णांना बॅटरीच्या तारा सोडायला लावल्या. आताच्या गाड्यांत इंजिनाचा संगणक असतो, आणि वेल्डिंगचा करंट जवळची वाट शोधतो.

जुना तळ सडला होता तो फक्त पावसाने नाही. द्राक्षबागेत बोर्डो हे बुरशीनाशक फवारतात, त्यासाठी मोरचूद याच गाडीतून येतं. मोरचुदाचं पाणी लोखंडावर सांडलं की तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळून जातं. शाळेत हा प्रयोग खिळा बुडवून दाखवतात, इथे तो हौद्यावर चालू होता. जिथे गोणी ठेवायचे तो केबिनमागचा कोपरा सगळ्यांत आधी गेला होता. नव्या तळाला जस्ताचा प्रायमर, त्यावर इपॉक्सी, चारही कोपऱ्यांत पाणी जायला भोकं, आणि मोरचुदासाठी झाकणाचा प्लास्टिकचा पिंप. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक.

पाटे : वाढवले नाहीत, काढले

पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाने वाढतो. मूळ पाटे आठ मिमीचे, पाच. आधीच्या मालकाने घातलेले बारा मिमीचे, दोन. बारा भागिले आठ म्हणजे दीड. दीडचा घन ३.३७. म्हणजे लांबी-रुंदी तीच धरली, तर दोन जाड पाटे जवळपास सात मूळ पाट्यांइतके कडक. कमान दुपटीहून जास्त ताठ झाली होती आणि तरीही "बसत" होती, कारण मूळ पाच पाट्यांची कमानच उतरली होती. ताठपणा आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिकाम्या गाडीत आस आणि गाडी फार दबली की तो ज्यावर आदळतो तो रबरी ठोकळा यांच्यात नऊ सेंटिमीटर उरले होते, माल भरल्यावर दोनच्याही आत. मग प्रत्येक खड्ड्याला ठोका.

कमान किती ताठ आहे हे घरीही मोजता येतं. ५० किलोच्या सिमेंटच्या गोण्या आसाच्या अगदी वर ठेवत जायच्या आणि आसापासून चासीपर्यंतचं अंतर टेपने लिहीत जायचं. इथे जुन्या कमानीचा आकडा आला एका बाजूला दर सेंटिमीटरला साधारण १२० किलो.

द्राक्षाच्या दिवसांतली तक्रार खरं तर हीच होती, फक्त मालक ती पाट्यांशी जोडत नव्हता. द्राक्षाचं क्रेट टोमॅटोसारखं गच्च भरत नाहीत, मणी दबतात. त्यामुळे गाडी भरलेली दिसते आणि वजन निम्मंच असतं. कमान मात्र दोन टनांच्या तयारीने ताठ. वरच्या थरातले मणी देठापासून सुटायचे, आणि व्यापारी क्रेट हलवून भाव पाडायचा. गाडी किती वेगाने हलते याचा ढोबळ हिशेब असा आहे : आस आणि चाकं सोडून उरलेल्या वजनाने कमान किती सेंटिमीटर दबते ते काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि पाचाला त्याने भागा. उत्तर म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. जुनी कमान साडेसहाशे किलोंच्या मालावर सहा-साडेसहा सेंटिमीटर दबायची, म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे. रिकामी असताना साडेतीनहून कमी, म्हणजे पावणेतीन. रिकाम्या पिकअपमध्ये मागे बसलेल्या मजुराला हा आकडा सूत्राशिवाय माहीत असतो.

म्हणून उपाय दोन टप्प्यांचा. आठ मिमीच्या पाच नव्या पाट्यांची मुख्य कमान, दर सेंटिमीटरला ५० किलोंची. तिच्यावर हेल्पर पाट्यांचा वेगळा संच, ज्याची टोकं रिकाम्या गाडीत कशालाच टेकत नाहीत. चासीवरच्या ठोकळ्यांपासून ६५ मिमी अंतर. साडेसहाशे किलोंपर्यंत फक्त मुख्य कमान काम करते. त्यापुढे हेल्पर टेकतो आणि दोन्ही मिळून दर सेंटिमीटरला ११० किलो होतात. द्राक्षाच्या भारावर आता कमान अकरा सेंटिमीटर दबते, हेलकावे दीडवर आले. टोमॅटोचा पूर्ण भार टाकला तर रिकाम्यापासून दहा सेंटिमीटर खाली जाते. जुनी सात-सव्वासात जायची. म्हणजे मोजपट्टीने पाहिलं तर नवी गाडी जास्त दबते. पण नव्या पाट्यांना पूर्ण कमान असल्याने ती वरून सुरुवात करते, रबरी ठोकळ्यापर्यंत साडेचार सेंटिमीटर शिल्लक राहतात, आणि पुढचं नाक वर जात नाही. लांबून पाहणाऱ्याला जे "बसणं" दिसायचं, त्यात नाक उचलण्याचा वाटा मोठा होता.

पाट्यांबरोबर बुश, शॅकलच्या पिना, यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे घेतले. यू-बोल्ट एकदा ताणून आवळलेला असतो, तो पुन्हा वापरणं ही कंजुषी महागात पडते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर पाटे एकमेकांवर बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. तेव्हा माल असताना ते पुन्हा आवळायचे. सैल राहिले तर सेंटर बोल्ट तुटतो आणि आस तिरका सरकतो. शॉकअप चारही बदलले.

एक छोटा दांडा

या गाडीच्या मागच्या आसापासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बोटाएवढा दांडा जातो. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. मागची गाडी खाली बसली की व्हॉल्व्ह समजतो माल आहे, आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी उंच असेल तर रिकामी समजून दाब तोडतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत. आता जादा पाटे टाका. गाडीत दीड टन माल आहे, पण कमान ताठ असल्याने दांडा अर्ध्यावरच. व्हॉल्व्हला वाटतं निम्माच माल. मागचे ब्रेक अर्धेच लागतात आणि पुढची चाकं, ज्यांच्यावरचं वजन उलाळ हौद्याने आधीच उचललेलं आहे, सगळं थांबवायचा प्रयत्न करतात. मालक दर हंगामाला पुढचे ब्रेकपॅड बदलत होता. त्याचा दोष तो पॅडच्या प्रतीला देत होता.

पाटे बदलल्यावर हा दांडा कंपनीच्या मापाने पुन्हा लावून घेणं हे काम घरी करण्यासारखं नाही. ते सेवा केंद्रात, दाबमापक लावून केलं. त्याच दिवशी हेडलाइटचा झोतही खाली आणला.

कागद आणि क्रेट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. जादा भाराला कलम १९४ नुसार वीस हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. घरी हौदा बनवणाऱ्याने परवानगीचा अर्ज आधी करावा, पत्रा नंतर कापावा. इथे सोय अशी झाली की नवा हौदा मूळ मापाचा आणि उघड्या प्रकारचाच आहे, आणि रिकामं वजन नोंदीपासून तीस किलोंवर. खटकणारा होता तो जुनाच.

मालकाचा खरा प्रश्न क्रेटचा होता. ७२ टाकायचो, आता किती? १,८२० आणि दोन माणसांचे १४० वजा केले की ३,४९० मधून १,५३० उरतात. ६९ क्रेट. ६३ तीन थरांत आणि सहा चौथ्या थरात, अगदी पुढे, केबिनमागच्या जाळीला टेकून. भरलेल्या गाडीच्या चिठ्ठ्या, माणसं सोडून : मागे २,१४०, पुढे १,२००. पूर्वीपेक्षा मागचा आस सहाशे किलोंनी हलका, क्रेट कमी झाली तीन. चौथ्या थरातली सहा क्रेट मागे ठेवली तर गणित पुन्हा बिघडतं, म्हणून अण्णांनी जाळीवर पांढऱ्या रंगाने रेघ मारून दिली आहे. हमाल बदलला की ती रेघ समजावून सांगावी लागते.

सगळं साधलं असं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात प्लायवूड न टाकता अँगलचा गठ्ठा आणला गेला आणि तळाला दोन पोचे पडले. अण्णांनी ते सगळ्यांना बोलावून दाखवले. हेल्पर टेकतो त्या क्षणी एक कोरडा ठोका ऐकू येतो. ठोकळ्यांवर रबर लावून तो कमी झालाय, गेलेला नाही. भरल्यावर स्टेअरिंग पूर्वीसारखं मऊ राहत नाही, ही मालकाची तक्रार मात्र कायम आहे, आणि त्यावर काही करायचं नाही असं ठरलंय.